दीर्घिकांचंही वय होतं, हे दाखवून देणाऱ्या बिआट्रिस टिन्सली

साठच्या दशकात विश्वाचं प्रसरण मोजायला खगोलशास्त्रज्ञ दूरच्या अवाढव्य दीर्घिका, म्हणजे गॅलेक्सी, वापरायचे. हिशोब साधा होता. सगळ्या मोठ्या दीर्घिका जवळपास सारख्याच तेजस्वी, म्हणून जी फिकट दिसते ती लांबची.

बिआट्रिस टिन्सलींना हे पटेना. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं गाव. माणसं जन्मतात, म्हातारी होतात, मग गावाचा उजेड अब्जावधी वर्षं तेवढाच कसा राहील? शिवाय दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश पोचायला इतका वेळ लागतो, की आपल्याला दिसतं ते तिचं तरुणपण. म्हणजे अंतराच्या पट्टीतच खोट! अ‍ॅलन सँडेजसारख्या दिग्गजाच्या हे पचनी पडलं नाही, पण पुढे बाजू खरी ठरली ती टिन्सलींचीच.

जन्म १९४१चा, इंग्लंडमधल्या चेस्टरचा. वाढल्या न्यूझीलंडमध्ये. १९६३ साली नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेत डॅलसला आल्या. पीएचडी मात्र ऑस्टिनला, सुमारे ३०० किलोमीटरवर. येऊन-जाऊन १९६६ मध्ये ती पूर्ण केली. पुढे दोन मुलं दत्तक घेतली, पण डॅलसमध्ये मनासारखं पद मिळेना. १९७४ मध्ये घटस्फोट झाला, मुलं वडिलांकडे राहिली आणि त्या येल विद्यापीठात गेल्या. ही किंमत लहान नव्हती.

१९७७ मध्ये त्यांनी आणि रिचर्ड लार्सन यांनी येलला परिषद भरवली. दोन चकत्यांसारख्या दीर्घिका एकमेकींत मिसळून लंबगोल दीर्घिका बनते, ही अ‍ॅलार टूमरे यांची कल्पना तिथेच गाजली. पुढच्याच वर्षी दोघांनी वेड्यावाकड्या आकाराच्या दीर्घिकांचे रंग साध्या दीर्घिकांशी ताडून पाहिले. त्यांच्या रंगांत फारच तफावत निघाली. कित्येक जास्तच निळ्या होत्या. निळे तारे अल्पायुषी असतात, म्हणजे ते नुकतेच जन्मलेले! दीर्घिका भिडतात तेव्हा तारे सहसा एकमेकांवर आदळत नाहीत, मधे भरपूर जागा असते. दाबला जातो तो वायू, आणि त्यातून ताऱ्यांची अख्खी पिढी एकदम जन्मते.

त्याच १९७८ मध्ये त्या येलच्या खगोलशास्त्रातल्या पहिल्या महिला प्रोफेसर झाल्या आणि त्याच वर्षी त्वचेच्या कॅन्सरचं निदान झालं. उजवा हात निकामी झाल्यावर त्या डाव्या हाताने लिहायला शिकल्या. २३ मार्च १९८१ रोजी, ४०व्या वर्षी, त्या गेल्या. शेवटचा शोधनिबंध त्यानंतर छापून आला.