मोडशीची नोंद करणारा वैद्य : गार्सिया द ओर्ता

केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाला मळमळू लागले की घरातील वडीलधारी मंडळी आल्याचा तुकडा किंवा वेलदोडा पुढे करतात. यामागचा शास्त्रीय पुरावा मात्र मर्यादित आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या, ५७६ कर्करुग्णांवरील अमेरिकी चाचणीत नेहमीच्या उलटीविरोधी औषधांच्या जोडीला आल्याच्या कॅप्सूल घेणाऱ्यांची पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली. नुसत्या सुगंधोपचाराचे निष्कर्ष अजून संमिश्रच आहेत. अशा सुगंधी औषधींची चौकसपणे पारख करणारा ग्रंथ गोव्यात १५६३ साली छापला गेला. त्याचे कर्ते गार्सिया द ओर्ता.

पोर्तुगालमधील कास्तेलो द व्हिदे येथे १५०१च्या सुमारास, सक्तीने ख्रिस्ती झालेल्या ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सालामांका व आल्काला येथे वैद्यक शिकून त्यांनी लिस्बनला अध्यापन केले. १५३४ साली ते गोव्यात आले आणि परतले नाहीत. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी ते वैद्य म्हणून जात. मुंबई बेटही त्यांच्याकडे भाडेपट्ट्याने होते.

त्यांचा ग्रंथ संवादरूप आहे. आले, वेलदोडा, लवंग, जायफळ, कापूर, चंदन असे एकेक द्रव्य घेऊन दोन वैद्य चर्चा करतात. युरोपात असतो तर ग्रीक आचार्यांविरुद्ध बोलण्याची छाती झाली नसती, अशी कबुलीही त्यात आहे. सर्वांत जिवंत भाग पटकीचा. ओकाऱ्या व जुलाबांनी माणूस एका दिवसात कसा खंगतो, हे त्यांनी रुग्णाजवळ बसून टिपले. रोगाचे स्थानिक नाव त्यांनी मोर्शी असे लिहिले. ती आपली मोडशीच. मिरी व जिरे घातलेली भाताची पेज देण्याचा इथल्या वैद्यांचा उपाय त्यांनी नोंदवला. परक्या सत्तेच्या वैद्याने हिंदू वैद्य व मुसलमान हकीम यांच्याकडून शिकल्याचे उघडपणे सांगावे, हे त्या काळी थोडेथोडके नव्हते.

क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५६७ साली या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप काढला आणि तो युरोपभर गेला. पुढच्याच वर्षी ओर्ता गोव्यात निवर्तले. १५६९ साली त्यांच्या बहिणीला, कातारिना यांना, छुपेपणाने ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून इन्क्विझिशनने जिवंत जाळले. १५८० साली ओर्ता यांच्या अस्थी उकरून त्याही जाळण्यात आल्या. पणजीच्या नगरोद्यानाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.