सुतारकुलभूषण थॉमस चिपेंडेल

आपल्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे देण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही ज्याचे चरित्र वाचकांस सादर करीत आहोत तो देशाने व धर्माने परका. परंतु पटाशी व रंधा हाती धरून त्याने जन्मभर आपलाच धंदा केला. म्हणून त्यास आपल्या पंक्तीत बसविताना आम्हांस मुळीच संकोच वाटत नाही.

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील ऑटली गावी एका सुताराच्या घरी थॉमसचा जन्म झाला. ५ जून १७१८ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे तो लंडनला आला. १७४८ साली कॅथरिन रेडशॉ हिच्याशी त्याचा विवाह झाला, आणि १७५४ च्या सुमारास सेंट मार्टिन्स लेन या रस्त्यावर जेम्स रॅनी नामक स्कॉटिश भागीदाराच्या भांडवलावर त्याने मोठा कारखाना थाटला.

त्याच वर्षी त्याने एक धाडस केले. खुर्च्या, मेजे, कपाटे, पलंग, आरशांच्या चौकटी यांचे नमुने १६० तक्त्यांत कोरवून त्याने ‘डायरेक्टर’ नावाने प्रसिद्ध होणारा ग्रंथ काढला. ग्रंथाच्या वर्गणीदारांत उमराव होते, तसेच त्याचे समव्यवसायी सुतारही होते. ज्या काळी कारागीर आपली विद्या मुठीत झाकून ठेवी, त्या काळी याने ती चव्हाट्यावर मांडली! १७५५ साली कारखान्यास आग लागून २२ कारागिरांच्या हत्यारपेट्या जळाल्या, तरी त्याच वर्षी ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. तिसरी १७६२ साली निघाली.

मोठमोठ्या वाड्यांची कामे त्याजकडे येऊ लागली. स्कॉटलंडमधील डमफ्रीज हाऊस, यॉर्कशायरमधील नॉस्टेल व हेअरवुड ही त्यांत प्रमुख होत. दिवाणखान्यातील सोनेरी मुलाम्याच्या चौकटींपासून भिंतीवरच्या कागदापर्यंत सर्व काही तो पुरवी. नॉस्टेलच्या धन्यासाठी त्याने ७२ पौंड १० शिलिंग किमतीचे ग्रंथालयातील भव्य मेज केले, आणि त्याच घराच्या स्वयंपाकघरासाठी मांस तोडण्याचा ओबडधोबड लाकडी ठोकळाही दिला. कोणतेही काम त्याने हलके मानले नाही.

परंतु कीर्तीबरोबर पैसा आला नाही. उमरावांकडील येणे वर्षानुवर्षे थकत असे. लाकूडवाल्याचे देणे व कारागिरांची मजुरी मात्र थांबत नसे. १७६६ साली रॅनी वारला आणि भांडवलाची ओढ लागली. नॉस्टेलच्या धन्यास लिहिलेली त्याची काकुळतीची पत्रे आजही उपलब्ध आहेत. फ्रान्सहून आणलेले खुर्च्यांचे ६० अपुरे सांगाडे किंमत कमी दाखविल्याबद्दल जकात अधिकाऱ्यांनी जप्त केले, हा त्याच्या चरित्रातील डाग आम्ही लपवीत नाही. नोव्हेंबर १७७९ मध्ये क्षयाने त्याचे निधन झाले. त्याच नावाच्या त्याच्या मुलाने कारखाना नेटाने चालविला. तथापि १८०४ साली त्याचे दिवाळे निघाले.

आज काय दिसते? २०१० साली लंडनच्या लिलावात, त्याच्या कारखान्यातले मानले गेलेले एक खणांचे कपाट सुमारे ३८ लाख पौंडांस गेले. २००७ साली डमफ्रीज हाऊस व त्यातील सामान विकून विखुरले जाऊ नये म्हणून ४ कोटी ५० लाख पौंड उभे करावे लागले. ज्याची बिले फेडण्यास धनी टाळाटाळ करीत, त्याच्याच वस्तूंसाठी आज धनिकांची चढाओढ लागते!

या चढाओढीत फसगतही पुष्कळ होते. पंजात गोळा धरलेला खुर्चीचा पाय दिसला की दुकानदार चिपेंडेलचे नाव घेतो. पण ‘डायरेक्टर’मध्ये असा पाय एकही नाही. शिवाय ग्रंथ विकत घेऊन शेकडो सुतारांनी ते नमुने आपापल्या घडणीने उतरविले. खुद्द चिपेंडेल आपल्या कामावर शिक्का मारीत नसे. तेव्हा जाणता संग्राहक आधी लाकूड, सांधे व कोरीवकाम पाहतो, आणि मग त्या घराच्या जुन्या दप्तरात चिपेंडेलचे बिल शोधतो. वस्तू व बिल यांचा मेळ बसला की मगच त्याची खात्री पटते. जी बिले त्याच्या हयातीत वेळेवर वटली नाहीत, तीच आज त्याच्या कीर्तीची साक्षीदार झाली आहेत, हा दैवाचा केवढा विलक्षण न्याय!

आपल्या वाडवडिलांनी कोरलेले देव्हारे, तुळया आणि दरवाजे गावोगावी उभे आहेत. पण ते घडविणाराचे नाव विचारले तर घरमालकास सांगता येत नाही. आमच्या तरुण ज्ञातिबांधवांना आमची एवढीच विनंती आहे: नमुना कागदावर उतरवा, हिशेब लिहून ठेवा आणि मजुरी वेळेवर मागण्यास लाजू नका. हात कसबी असला तरी लेखणी हाती नसेल, तर कारागिराचे नाव त्याच्या भुशाबरोबरच झाडले जाते.