सेवेचा ताळेबंद

दत्तजयंतीच्या या अंकात यंदा एका परदेशी बाईंची हकिकत सांगणार आहे. मी काही अभ्यासू लेखक नाही. बी.कॉम. झालो आणि ३४ वर्षे बँकेत कारकुनी केली. पण या बाईंचे माझ्यावर ऋण आहे, ते आधी सांगतो.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि ती अंथरुणाला खिळली. मी आणि सौ. आळीपाळीने सगळं करत होतो. शेजारीपाजारी मला श्रावणबाळ म्हणायचे, आणि खरं सांगतो, ते ऐकून मला बरं वाटायचं. एकदा नळी बदलायला सिस्टर आल्या. त्यांनी आईला कुशीवर वळवलं, तर माकडहाडापाशी जखम. शेवटची कूस कधी बदलली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं दुपारी, सौ. म्हणाली सकाळी. नक्की दोघांनाही सांगता येईना. दहा पैशांचा फरक निघाला तरी रात्री आठपर्यंत बसून व्हाउचरं तपासणारा मी. घरच्या सेवेची मात्र एक ओळ कुठे लिहिलेली नव्हती.

त्याच आठवड्यात मुलीला शाळेत बक्षीस मिळालेलं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं छोटं चरित्र कपाटात सापडलं. आईजवळ जागताना वाचून काढलं, मग वाचनालयातून आणखी पुस्तकं आणली. हातात दिवा घेतलेली बाई एवढंच चित्र मला ठाऊक होतं. त्यांच्या दुसऱ्या हातात वही होती, हे तेव्हा कळलं.

फ्लॉरेन्सबाईंचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात. त्या गावाचंच नाव त्यांना ठेवलं. घराणं इंग्लंडमधलं, श्रीमंत. वडिलांनी मुलींना घरीच भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवलं. बाईंना गणिताचीही गोडी. वयाच्या सतराव्या वर्षी देव आपल्याला सेवेसाठी बोलावतो आहे, असं त्यांना मनापासून वाटलं. पण सेवा कोणती, ते समजायला आणि घरच्यांचा विरोध मावळायला पुढे बरीच वर्षे गेली. रुग्णसेवा तेव्हा खानदानी बाईचं काम समजत नसत. अखेर १८५१ मध्ये जर्मनीत कायझर्सवर्थ येथे त्यांनी तीन महिने शिक्षण घेतलं आणि १८५३ मध्ये लंडनच्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था हाती घेतली.

१८५४ मध्ये इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरलं. जखमी शिपायांचे हाल वर्तमानपत्रांतून इंग्लंडात कळले. मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या सांगण्यावरून बाई ३८ परिचारिका घेऊन तुर्कस्तानात स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तारीख होती ४ नोव्हेंबर १८५४. तिथे सदरे नाहीत, चादरी नाहीत, धड जेवण नाही. बाईंनी स्वयंपाकघर लावलं, धुण्याची सोय केली, शिपायांच्या बायकांना त्या कामावर घेतलं, लागेल तो माल खरेदी केला. रात्री कंदील घेऊन खाटांमधून फेरी मारत. शिपाई त्यांना देवासारखं मानू लागले.

पण पुढचा आकडा ऐका. बाई येऊन तीन महिने झाले आणि फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथलं मरणाचं प्रमाण शेकडा ४२ च्या घरात गेलं! इतके कष्ट करूनही माणसं जातच होती. मार्चमध्ये सरकारचं स्वच्छता पथक आलं. इमारतीखालची गटारं तुंबलेली होती. पिण्याच्या पाण्याच्या वाटेत तर मेलेला घोडा सापडला. पथकाने गटारं धुतली, खेळती हवा ठेवली, भिंतींना चुना दिला. जूनपर्यंत प्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरलं.

१८५६ मध्ये बाई मायदेशी परतल्या. देशभर जयजयकार चालला होता, पण त्या नाव बदलून, गाजावाजा न करता घरी गेल्या. हारतुरे घेऊन स्वस्थ बसता आलं असतं. त्या बसल्या विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञांबरोबर, मृत्यूंच्या नोंदवह्या उघडून. हिशेब निघाला तो असा, की जखमांपेक्षा कितीतरी जास्त शिपाई पटकी, हगवण आणि तापाने गेले होते, आणि त्यातले बरेचसे वाचू शकले असते. शिपाई येतानाच खंगलेले असतात म्हणून मरतात, असा सुरुवातीला बाईंचाही समज होता. आकड्यांनी तो खोटा ठरवला. ज्या रुग्णालयात त्या स्वतः राबल्या, तिथलाच हिशेब सर्वांत वाईट निघाला.

माझ्यासारख्या कारकुनाला यातली कळ लगेच समजते. आपल्याच खात्यात फरक निघाला की तो दाबून टाकावा, असं कुणालाही वाटतं. बाईंनी तो सरकारपुढे मांडला. मंत्र्यांना आकड्यांच्या रांगा वाचवत नाहीत, म्हणून दर महिन्याचे मृत्यू रंगीत पाकळ्यांच्या चक्राकार आकृतीत काढून दाखवले. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतलं. तो मान मिळालेली ही पहिली स्त्री.

आणि हे सगळं अंथरुणावरून बरं का! क्रिमियात जडलेल्या तापाने त्यांची प्रकृती कायमची ढासळली होती. वर्षानुवर्षे त्या खोलीबाहेर फारशा पडल्या नाहीत. तिथूनच १८५९ मध्ये शुश्रूषेवर पुस्तक लिहिलं, १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा उभी केली. आपल्या देशात त्या कधीच आल्या नाहीत, तरी इथल्या प्रत्येक लष्करी ठाण्याकडून छापील प्रश्नावली भरून मागवली. १८६३ च्या अहवालात निघालं, की भारतातल्या गोऱ्या फौजेत हजारी ६९ माणसं दरसाल मरतात. छावणीबाहेरचं गाव घाण राहिलं तर छावणी निरोगी राहणार नाही, हे ओळखून पुढे त्या इथल्या खेड्यांचं पाणी, दुष्काळ, रयतेचे हाल यांवर लिहीत राहिल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या. थडग्यावर पूर्ण नावसुद्धा नाही, फक्त आद्याक्षरं आणि जन्ममृत्यूच्या तारखा.

ते वाचल्यावर मी एक जुनं रजिस्टर काढून आईच्या खाटेला बांधलं. रकाने आखले: वेळ, कूस, पाणी, लघवी, औषध, सही. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि जो बदलेल त्याने सही करायची. जखम भरायला अडीच महिने लागले, पण भरली. पुन्हा झाली नाही. आई त्यानंतर दीड वर्ष होती.

ते रजिस्टर अजून माझ्याकडे आहे. त्यात एका पानावर रात्री दोन आणि चारच्या रकान्यात सही नाही. त्या रात्री मला झोप लागली होती. सकाळी सही ठोकून द्यावी असं फार वाटलं होतं, विचारणारं कुणी नव्हतं. पण त्या बाई आठवल्या आणि रकाने कोरेच ठेवले.

वाचकहो, घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर माया कराच, पण उशाशी एक वहीही ठेवा. आणि त्यात जे झालं नाही, ते झालं असं लिहू नका.