लक्ष्मणराव किर्लोस्कर : कमावलेल्या नावाची कहाणी

पुसदसारख्या शेतीप्रधान तालुक्यात किर्लोस्कर हे नाव कुणाला नव्याने सांगावे लागत नाही. विहिरीवरील पंपाशी आणि इंजिनाशी ते पिढ्यान्‌पिढ्या जोडलेले आहे. मात्र या तीन-चार अक्षरांना किंमत आली ती एका माणसाच्या अर्धशतकाच्या कष्टातून.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पण रंग ओळखण्यात दृष्टिदोष आड आला. रंग सुटले, रेषा सुटली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यात त्यांनी प्रावीण्य मिळविले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते अध्यापन करू लागले. त्याच काळात, १८८८ मध्ये, बंधू रामुअण्णांच्या साथीने बेळगावात सायकलींचे दुकान सुरू झाले. पुढे बढतीत डावलले गेल्याने लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले.

दुकानाच्या जोडीला छोटा कारखाना उभा राहिला. कडबा कापण्याच्या यंत्रापाठोपाठ लोखंडी नांगर तयार झाला. परंतु लोखंडामुळे जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास तब्बल दोन वर्षे लागली. लाकडी नांगर पिढीजात विश्वासाचा होता. नव्या नांगरामागे उभे राहण्यास किर्लोस्कर या नावाखेरीज दुसरे काहीच नव्हते आणि त्या नावाला अद्याप पत नव्हती. ती पत प्रत्येक शेताच्या बांधावर मिळवावी लागली.

नांगर रुजत असतानाच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. अशा वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि कर्जही दिले. १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली. शिक्षा भोगून आलेल्यांना पहारेकरी नेमण्याइतका माणसांवरील विश्वास लक्ष्मणरावांपाशी होता. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पंप तेथे बनू लागले. १९२० मध्ये पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले आणि पुढे हे नाव मासिकाच्या रूपाने मराठी घरांतही पोहोचले.

ही पत उभी राहत असताना व्यापारचिन्हाची नोंद करण्याचा स्वतंत्र कायदा भारतात नव्हता. तो आला १९४० मध्ये. त्यापूर्वी कुणी नक्कल केली, तर नाव आपलेच आणि ग्राहक ते आपल्याच मालाशी जोडतो, हे मालकाला दरवेळी पुराव्यानिशी सिद्ध करावे लागे. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. तोवर पुण्यात इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या यंत्रांचा असे नवे कारखाने त्याच नावाने सुरू झाले होते. पुढे या नावाची मालकी सांभाळण्यासाठी समूहाने स्वतंत्र कंपनीच स्थापन केली.

या दक्षतेची कसोटी १९९५ मध्ये लागली. किर्लोस्कर हे नाव धारण करून व्यवसाय करणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांविरुद्धचा वाद मुंबई उच्च न्यायालयात आला. स्वतःचे नाव वापरण्याचा हक्क आहे, हा बचाव कंपन्यांच्या बाबतीत टिकला नाही. व्यवसायाचे क्षेत्र अगदी एकच नसले, तरी ग्राहकाची दिशाभूल होऊ शकते, हे न्यायालयाने ग्राह्य धरले. निर्मात्याच्या मृत्यूनंतर जवळपास चाळीस वर्षांनी त्याच्या नावाची पत अशी राखली गेली.

पुसदच्या बाजारपेठेतील तेलघाणीवाल्याला, मसाले किंवा पापड विकणाऱ्या महिला बचत गटाला यात घेण्याजोगे बरेच आहे. दुकानाचा परवाना किंवा कंपनीची नोंदणी म्हणजे नावावरील मालकी नव्हे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार नोंदणी सक्तीची नाही आणि प्रामाणिकपणे आधीपासून नाव वापरणाऱ्यालाही संरक्षण आहे. मात्र नोंद नसेल, तर जुनी बिले, जाहिराती आणि साक्षीदार जमवीत न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. नोंद असली की प्रमाणपत्रच हक्काचा प्राथमिक पुरावा ठरते. मुंबईला खेपा घालण्याचीही गरज नाही. अर्ज ऑनलाइन करता येतो. वैयक्तिक अर्जदार व लघुउद्योगांना २०१७ च्या नियमांनुसार मालाच्या प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे. नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे दर दहा वर्षांनी तिचे नूतनीकरण करता येते. अर्जापूर्वी तेच किंवा तत्सम नाव आधी कुणी नोंदविले आहे काय, हे मात्र तपासून घ्यावे.

नोंदणीने मालाचा दर्जा वाढत नाही. तो लक्ष्मणरावांनी वाढविला तसाच, कष्टाने वाढवावा लागतो. पण ज्या नावासाठी आयुष्य झिजविले, ते दुसऱ्याच्या निकृष्ट मालावर झळकू नये, एवढी तजवीज नोंदणीने होते. शेताला कुंपण घालणारा शेतकरी पिकाची राखण जाणतो. व्यापाऱ्याचे पीक म्हणजे त्याचे नाव.