मार्क्विस ऑफ रिपन यांचे अल्पचरित्र

ज्युबिलीच्या स्मरणिकेत एखाद्या संताचे चरित्र असावे, अशी समितीतील मंडळींची इच्छा होती व ती रास्तच आहे. तथापि प्रस्तुत लेखकाने एका प्रापंचिक गृहस्थाची निवड केली आहे. ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिलेले नाही, आणि त्यांच्या चरित्रातील एक प्रकरण वाचून धर्मग्रामातील काही वडीलधारी मंडळी भुवया उंचावतील, हेही मला ठाऊक आहे. परंतु वाळवे, तासगाव, खानापूर या तालुक्यांत ज्यांचे आजे-पणजे लोकल बोर्डाच्या शाळेत मुळाक्षरे गिरवून शहाणे झाले, त्यांनी या पुरुषाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

जॉर्ज रॉबिन्सन यांचा जन्म 24 ऑक्टोबर 1827 रोजी लंडन येथे इंग्लंडच्या मुख्य प्रधानांच्या सरकारी निवासस्थानी झाला. त्यांचे वडील लॉर्ड गोडरिच हे त्या वेळी मुख्य प्रधान होते. मात्र ते पद त्यांच्याकडे अवघे काही महिने राहिले. मुलास कोणत्याही शाळेत अथवा विद्यापीठात न पाठविता घरीच शिक्षण देण्यात आले. ऐन तारुण्यात त्यांचा संबंध ख्रिस्ती समाजवादी म्हणविणाऱ्या मंडळींशी आला, आणि 1852 साली यंत्रकामगारांचा मोठा झगडा झाला तेव्हा या उमरावपुत्राने कामगारांची बाजू घेतली. सामान्य मनुष्यास कारभारात वाटा मिळाला पाहिजे, हे मत तेव्हापासून त्यांच्या मनात रुजले. पुढे ते पार्लमेंटात गेले, युद्धमंत्री झाले, आणि 1871 साली अमेरिकेशी वॉशिंग्टनचा तह घडवून आणल्याबद्दल त्यांस मार्क्विस ही पदवी मिळाली.

आता ते भुवया उंचावणारे प्रकरण. 1870 पासून हे गृहस्थ इंग्लंडातील फ्रीमेसन मंडळाचे ग्रँड मास्टर होते. याच सुमारास त्यांच्या पत्नीच्या भावास ग्रीस देशात दरोडेखोरांनी पकडून ठार मारले. त्या दुःखाने त्यांचे मन अंतर्मुख झाले, असे सांगतात. 1874 च्या सप्टेंबरात त्यांनी ग्रँड मास्टरचे पद एकाएकी सोडले आणि लंडनच्या ऑरेटरीत कॅथलिक धर्माचा स्वीकार केला. इंग्लंडात त्याने केवढा गहजब उडाला! वर्तमानपत्रांनी त्यांच्या राजकीय जीवनाचा मृत्युलेखच लिहून टाकला. ज्या ग्लॅडस्टन साहेबांच्या मंत्रिमंडळात त्यांनी काम केले होते, त्यांनीच त्या साली व्हॅटिकनच्या निर्णयांवर टीका करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली व कॅथलिक मनुष्याच्या राजनिष्ठेविषयी शंका काढली. रिपन साहेबांनी वाद घातला नाही. सहा वर्षे ते बहुतांशी आपल्या जहागिरीत राहिले. त्या जहागिरीतच, आठव्या हेन्रीने मोडून टाकलेल्या फाउंटन्स या सिस्टर्शियन मठाचे भव्य अवशेष आहेत.

आणि 1880 साली त्याच ग्लॅडस्टन साहेबांनी त्यांस हिंदुस्थानचे व्हाइसरॉय नेमले. आयर्लंडच्या व्हाइसरॉयची जागा कायद्याने कॅथलिकांस बंद होती. हिंदुस्थानची तशी नव्हती! विरोध झालाच, पण नेमणूक कायम राहिली. येशूसंघाचे फादर हेन्री केर हे, जे पूर्वी आरमारात अधिकारी होते, त्यांचे धर्मगुरू म्हणून इकडे आले.

देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा रद्द करणे, 1881 चा पहिला फॅक्टरी कायदा, हंटर कमिशन (ज्यापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन मांडले) ही त्यांची कामे शाळेच्या पुस्तकांत असतात. त्यांचा विस्तार येथे करीत नाही. आपणास पाहावयाचा आहे तो 18 मे 1882 चा ठराव.

त्यापूर्वी आपल्या इलाख्यात काय व्यवस्था होती? शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेतला जाई. त्याचे दोन भाग रस्ते व इतर बांधकामांकडे आणि एक भाग शाळांकडे जाई. साताऱ्याच्या घाटमाथ्यापासून रत्नागिरीच्या खाड्यांपर्यंत हाच प्रकार. रत्नागिरीकडे तरींचे उत्पन्न, ठिकठिकाणी कोंडवाड्यांचे उत्पन्न, अशी आणखी भर पडे. पैसा रयतेचा, पण खर्च ठरविणाऱ्या कमिट्यांत शब्द चाले तो कलेक्टर साहेबांचा. रिपन साहेबांच्या ठरावाने हा क्रम उलटा करण्याचे योजिले. बोर्डांचे क्षेत्र लहान, म्हणजे तालुक्याएवढे असावे. सरकारी सभासद एक तृतीयांशाहून अधिक नसावेत. होईल तेथे निवडणूक व्हावी. आणि शक्यतो अध्यक्षही बिनसरकारी असावा. कारभार यामुळे लागलीच सुधारेल असा त्यांचा दावा नव्हता. आरंभी चुका होतील, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले होते. लोकांना राज्यकारभाराचे शिक्षण मिळावे, हा त्यांचा मुख्य हेतू होता. मुलाचा हात सोडल्याशिवाय ते चालावयास शिकत नाही, हे ज्याने घरात मूल वाढविले आहे त्यास समजावून सांगणे नको.

परंतु हाताखालच्या अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन (पुण्याच्या कॉलेजास ज्यांचे नाव आहे तेच) यांच्या सरकारने बेताबेतानेच पाऊल टाकले. 1884 च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे निघाली, निवडलेले सभासदही आले. पण जिल्हा बोर्डाच्या खुर्चीवर कलेक्टर पुढे कित्येक वर्षे बसून राहिला. लोकनियुक्त अध्यक्षाची रीत रुळली ती 1923 च्या कायद्यानंतर. शिवाय हा कायदा खालसा मुलखापुरता होता. तासगावचा शेतकरी सातारा जिल्ह्यातला, म्हणून त्यास बोर्ड लाभले. सांगली मात्र पटवर्धनांच्या संस्थानात, तेथे संस्थानचा स्वतंत्र कारभार. 1948 साली संस्थान विलीन झाले, 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, 1960 साली त्यास सांगली हे नाव मिळाले, आणि 1962 साली लोकल बोर्डांच्या जागी जिल्हा परिषदा आल्या. ज्या जिल्हा परिषदेच्या दारी आपण आज रस्त्याचा अर्ज घेऊन जातो, तिचे मूळ असे या ठरावापर्यंत पोहोचते.

रिपन साहेब सर्वत्र ठाम राहिले, असे म्हणणे मात्र खरेपणाला सोडून होईल. हिंदी न्यायाधीशांस युरोपियन आरोपींचे खटले चालविण्याचा अधिकार देणारे इल्बर्ट बिल 1883 साली येताच कलकत्त्याच्या गोऱ्या लोकांनी व्हाइसरॉयवर बहिष्कार घातला. अखेर 1884 च्या जानेवारीत त्यांनी तडजोड पत्करली. युरोपियन आरोपीस निम्मे गोरे पंच मागण्याचा हक्क मिळाला आणि बिलाचा प्राण गेला. माझ्या मते ही त्यांची मोठीच माघार होय. तरीही त्या वर्षाच्या डिसेंबरात ते परत निघाले तेव्हा मुंबईपर्यंत ठिकठिकाणी लोकांनी जो निरोप दिला, तसा त्यापूर्वी कोणत्याही व्हाइसरॉयास मिळाला नव्हता.

स्वदेशी त्यांनी आरमार व वसाहती या खात्यांचे मंत्रिपद सांभाळले. पण मला विशेष वाटते ते पुढचे: 1895 साली हा माजी व्हाइसरॉय आपल्या रिपन या लहानशा गावचा मेयर झाला. कोट्यवधींवर अधिकार चालवून आलेला मनुष्य गावच्या कामकाजाच्या खुर्चीवर बसला, आणि त्यात त्यास कमीपणा वाटला नाही.

1908 च्या सप्टेंबरात लंडन येथे आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषद भरली. परमपवित्र साक्रामेंताची मिरवणूक रस्त्यावरून निघावयाची होती. पण प्रॉटेस्टंट मंडळींनी ओरड केली आणि ॲस्क्विथ यांच्या सरकारने साक्रामेंत बाहेर नेण्यास आयत्या वेळी हरकत घेतली. तो निरोप कॅथलिक आर्चबिशपांपर्यंत पोहोचविण्याचे अवघड काम मंत्रिमंडळातील रिपन साहेबांच्याच वाट्यास आले. त्यांनी ते केले. मिरवणूक साक्रामेंतावाचून निघाली, आणि पोपसाहेबांच्या प्रतिनिधींनी वेस्टमिन्स्टर कॅथेड्रलच्या सज्जातून आशीर्वाद दिला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, रिपन साहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

9 जुलै 1909 रोजी स्टडली रॉयल येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. पत्नीच्या मारल्या गेलेल्या भावाच्या स्मरणार्थ त्या जहागिरीत एक अँग्लिकन देऊळ बांधावयास घेतले होते. त्याचे काम चालू असतानाच त्यांचे धर्मांतर झाले, तरी ते काम त्यांनी अर्धवट टाकले नाही. त्याच देवळात पतिपत्नींच्या समाध्या आहेत.