वुडी गथ्रीचा वारसा

झाडीपट्टीत रात्रभर दंडार रंगवणारा कलावंत एखाद्या दिवशी झोकांड्या खाऊ लागला, तर सिंदेवाहीच्या बाजारात निकाल लागायला वेळ लागत नाही. मोहाची चढली असणार! अमेरिकेत वुडी गथ्री या लोकगायकाच्या बाबतीत नेमके हेच झाले; आणि निकाल देणाऱ्यांत डॉक्टरही होते.

वुडीचा जन्म १४ जुलै १९१२ चा, ओक्लाहोमा राज्यातल्या ओकेमा गावचा. वडील जमिनीचे व्यवहार करीत. आई नोरा जुनी गाणी म्हणे. वुडीच्या कानावर पहिले सूर पडले ते तिचेच. पुढे तिला विसर पडू लागला, संताप अनावर होऊ लागला, हातपाय आपोआप उडू लागले. गावाने तिला वेडी ठरवले. १९२७ साली तिची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात झाली आणि १९३० साली ती वारली. तिला हंटिंग्टनचा रोग होता. जॉर्ज हंटिंग्टन या तरुण डॉक्टरने १८७२ मध्येच त्याचे वर्णन केले होते. त्याचे वडील आणि आजोबाही डॉक्टर. एकाच गावातली घराणी तिघांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली, म्हणून त्याला हे उमगले.

वुडी गिटार घेऊन धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्यांबरोबर कॅलिफोर्नियात गेला. १९४० साली त्याने ‘धिस लँड इज युअर लँड’ लिहिले. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याचे वागणे बिघडले. कुणी दारूडा म्हटले, कुणी मनोरुग्ण. खरे निदान झाले १९५२ साली. गिटार धरणारी बोटेच ऐकेनाशी झाली. अनेक वर्षे इस्पितळांत काढून ३ ऑक्टोबर १९६७ रोजी, पंचावन्नाव्या वर्षी, तो गेला.

बँकेत वारसांची नोंद करताना आम्ही हिस्से पाडत असू. एकाचा वाढला की दुसऱ्याचा कमी. या रोगाचा हिशेब तसा नाही. प्रत्येक अपत्याच्या वेळी नाणे नव्याने उडते, पन्नास टक्के. वुडीची धाकटी बहीण सुखरूप म्हातारी झाली. त्याच्या पहिल्या लग्नाच्या दोन्ही मुली मात्र याच रोगाने एकेचाळिसाव्या वर्षी गेल्या.

एकाला हा रोग लवकर गाठतो, दुसऱ्याला उशिरा, असे का, याचे अर्धे उत्तर १९९३ साली मिळाले. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो चाळीस वेळा किंवा अधिक आला, तर रोग होणारच. जितका अधिक, तितका सहसा लवकर. बापाकडून येताना ही संख्या वाढण्याचा संभव जास्त. उरलेले उत्तर इतर जनुकांत, आयुष्यात कुठेतरी आहे.

वुडीची दुसरी पत्नी मार्जरी नर्तकी होती. घटस्फोट होऊनही तिने त्याला अखेरपर्यंत सांभाळले आणि १९६७ सालीच या रोगाविरुद्ध संघटना उभारली. शोध लागण्यापूर्वी दहा वर्षे, १९८३ मध्ये, ती वारली. तिचा मुलगा आर्लो गातच राहिला. सत्तरी ओलांडल्यावर, २०२० साली, त्याने मंचाचा निरोप घेत असल्याचे जाहीर केले.