अकोल्याचा विद्यार्थी

तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात कोणी अध्यापक विद्यालयात शिकत असेल, तर त्यांना विचारून पाहा. दिवसा सराव पाठ, रात्री पाठांची टाचणे, त्यात फीची काळजी. हे आपल्याला झेपणार नाही, सोडून द्यावे, असे त्यांनाही कधीतरी वाटले असेल. आता आपल्या अकोल्यात शिकलेल्या एका मुलाची हकीकत वाचा.

त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर. त्याचा जन्म १८५६ साली सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी झाला. घरी फार गरिबी होती. कऱ्हाडला थोडे इंग्रजी शिकून झाले आणि शाळा सुटली. गोपाळ मामलेदार कचेरीत उमेदवारी करू लागला. काही दिवस त्याने दवाखान्यात औषधे देण्याचेही काम केले. पण मन रमेना. पुढे शिकण्यासाठी तो पायी रत्नागिरीला गेला. सह्याद्रीचा घाट उतरून जायचे, केवढा लांबचा रस्ता! तेथेही सोय झाली नाही. आल्या पावली परत फिरावे लागले.

दुसरा एखादा येथेच थांबला असता आणि त्याला कोणी नावेही ठेवली नसती. पण गोपाळला अकोल्याला नातेवाइकांकडे राहायला जागा मिळाली. त्या काळी वऱ्हाडात अमरावती आणि अकोला येथे हायस्कुले होती. अकोल्याच्या शाळेत विष्णु मोरेश्वर महाजनी हे एम. ए. झालेले विद्वान शिक्षक होते. एकदा ते रागावले, तेव्हा आपणही त्यांच्यासारखे एम. ए. होऊ, असे गोपाळने त्यांना सांगितले, अशी आठवण सांगतात. १८७५ साली तो मॅट्रिक झाला.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुन्हा पैशांची ओढाताण सुरू झाली. वर्तमानपत्रांत लेख लिहून, वक्तृत्वाची बक्षिसे आणि शिष्यवृत्ती मिळवून आगरकरांनी खर्च भागवला. अंगात घालायला एकच सदरा. तो रात्री धुवायचा, सकाळी घालायचा, असे सांगतात.

खरी कसोटी पुढेच होती. एम. ए. झालेल्यांना तेव्हा सरकारी नोकरीत मोठा पगार मिळे. गावी आई चांगल्या दिवसांची वाट पाहत होती. आगरकरांनी तिला पत्र लिहिले. आपण पोटापुरत्या पैशांवर समाधान मानणार आणि सगळा वेळ लोकांच्या हितासाठी देणार, असे त्यांनी कळवले. ते पत्र वाचून त्या माउलीला काय वाटले असेल?

१८८१ साली ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक आणि १८९२ साली प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते, तरी शिकवणे व लिहिणे चालू होते. १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षे पूर्ण होण्याआधीच, ते वारले.

मराठीच्या तासाला तुम्ही वाक्यातील उद्देश्य आणि विधेय वेगळे करता ना? त्याच विषयावर, वाक्यांच्या पृथक्करणावर, आगरकरांनी विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘वाक्यमीमांसा’.